‘मधली खुर्ची’ मी फक्त चाळली!

मेहकरात कोणालाही विचारा, ‘पाठक सर काय करतात?’ तर उत्तर येईल, ‘कॉलेजात मराठी शिकवत होते.’ जिल्ह्याच्या दैनिकात मी वर्षानुवर्षं दर रविवारी पुस्तक-परीक्षणं लिहीत आलो, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. माझं सदर रविवार पुरवणीच्या मागच्या पानावर, शब्दकोड्याच्या डाव्या बाजूला यायचं. लोक कोडं सोडवताना पेन चालतो का ते पाहायला माझ्या मजकुरावर रेघोट्या ओढत. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी तर एकदा कौतुकानं सांगितलं, “सर, तुमची जागा लय कामाची आहे. कच्चं तिथंच लिहिते मी.”

परीक्षणाचा धंदा बाहेरच्यांना वाटतो तसा नसतो. लोकांना वाटतं, समीक्षक खुर्चीत रेलून पुस्तक वाचतो, चिंतन करतो, मग लिहितो. आमच्या भागात पुस्तक टपालानं कमी आणि लेखकासोबतच जास्त येतं. लेखक पुस्तक देतो, पेढे देतो आणि मग उठतच नाही. रोहिणखेडहून एक कवी आले होते. निवृत्त फौजदार. म्हणाले, “तुमी वाचा निवांत, मी बसतो.” आणि खरंच समोर बसले, पंचनामा चालू असल्यासारखे. मी पान उलटलं की मान हलवायचे. दोन पानं एकदम उलटली तेव्हा म्हणाले, “सर, एक राहिलं.”

या अनुभवांतून मी माझा साचा बनवला होता. पहिला परिच्छेद मुखपृष्ठाचा, ते नेहमी ‘समर्पक’. दुसरा आशयाचा, तो मलपृष्ठावर छापलेलाच असतो. तिसऱ्यात एक दोष, कारण दोषाशिवाय परीक्षण म्हणजे जाहिरात. पण तो दोष लेखकाचा नसावा. तो छापखान्याचा. ‘मुद्रणदोष टाळता आले असते तर’ या एका ओळीनं मी या जिल्ह्यात कित्येक मैत्र्या टिकवल्या आहेत. चौथ्यात शुभेच्छा. आणि मधे कुठेतरी माझं एक आवडतं वाक्य असायचं: ‘ही व्यक्तिरेखा इतकी जिवंत उतरली आहे की वाचकाला आपल्याच गावातल्या कुणाची तरी आठवण व्हावी, नाव सांगण्याची गरज नाही.’ हे वाक्य कशालाही चालतं. सासू असो, सरपंच असो, संत असो. मला त्याचा अभिमान होता. तरुणपणी सुचलं होतं, आणि त्यानंतर दुसरं सुचावं अशी वेळच आली नाही.

तर असं सुखात चाललेलं असताना ‘मधली खुर्ची’ आली.

लेखिका सुनंदा मापारी. सुलतानपूरच्या. मेहकरच्या एका खासगी शाळेत गणित शिकवत. पुस्तक द्यायला आल्या तेव्हा बसल्या नाहीत, पेढे आणले नाहीत. दारातच म्हणाल्या, “सर, कादंबरी आहे. वेळ मिळाला तर पाहा.” आणि बस चुकेल म्हणून गेल्यासुद्धा. गणिताच्या बाईंची कादंबरी! मी ती टेबलाच्या त्या बाजूला ठेवली, जिथं मी वाचायची नसलेली पुस्तकं ठेवतो.

एका दुपारी मी सहज तिचं पहिलं पान उघडलं, आणि थोड्या वेळानं मालती, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून धावत आली. “काय झालं हो?”

“काही नाही. हसतोय.”

“पुस्तक वाचून?” तिनं पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “परीक्षणाचं?”

तिची शंका रास्त होती. परीक्षणाचं पुस्तक वाचताना मी हसल्याचं तिनं आजवर पाहिलं नव्हतं. पुरतं वाचतानाही क्वचितच पाहिलं होतं.

कादंबरीतले बापूसाहेब हे तालुक्याच्या गावचे मोठे संस्थाचालक. त्यांना एकच व्यसन: कुठल्याही कार्यक्रमात मधल्या खुर्चीवर बसायचं. उद्घाटन असो, लग्न असो, तेरवी असो. त्यांचा ड्रायव्हर आधी जाऊन मधल्या खुर्चीवर पांढरा नॅपकिन टाकून येतो. शाळेतले शिक्षक सुट्टीच्या दिवशी खुर्च्या लावतात, आणि मधली नेमकी कोणती हे ठरवायला गणिताच्या शिक्षकाला बोलावतात. खुर्च्यांची संख्या सम निघाली तर एक शिक्षक निलंबित होतो. शेवटी बापूसाहेब वारतात. शोकसभेत मधल्या खुर्चीवर त्यांचा फोटो ठेवतात, आणि पुढे कित्येक महिने तो फोटो हलवायची कोणाची छाती होत नाही. सगळे कार्यक्रम फोटोच्या अध्यक्षतेखाली होत राहतात आणि, गंमत म्हणजे, वेळेवर संपतात.

आता मेहकरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की पांढरा नॅपकिन आबासाहेबांचा. आबासाहेब हे सुनंदाबाईंच्याच शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा ड्रायव्हर नॅपकिन घेऊन येताना दिसला की आचारी भात उतरवायला घेतात.

मी पुस्तक दोनदा वाचलं. परीक्षण तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. पहिल्यांदाच मला एखाद्या पुस्तकाबद्दल खरोखर काही म्हणायचं होतं, आणि म्हणायला शब्दच नव्हते. इतकी वर्षं खोटी स्तुती करताना शब्द असे झिजले होते की खऱ्या स्तुतीला एकही धड उरला नव्हता. शेवटी चौथ्यांदा लिहिताना लेखणीतून आपोआप तेच उतरलं: ‘बापूसाहेब ही व्यक्तिरेखा इतकी जिवंत उतरली आहे की वाचकाला आपल्याच गावातल्या कुणाची तरी आठवण व्हावी; नाव सांगण्याची गरज नाही.’ जुनंच वाक्य. फक्त या वेळी ते खरं होतं.

पुस्तक धो धो खपलं. बसस्टँडवरच्या स्टॉलवाल्यानं मला हाक मारून सांगितलं, “सर, पंचांगाले मागं टाकलं पा या खुर्चीनं. लोनारवाले म्हनतात हे आमच्या गावच्यावर लिवलं, चिखलीवाले म्हनतात आमच्यावर. काल एक जन दहा कॉप्या घेऊन गेला. म्हने, आमच्या अध्यक्षाच्या वाढदिवसाले वाटतो, त्याले समजत नाई काही.”

मग मोठ्या शहरांतले समीक्षक जागे झाले. पुण्याहून परीक्षण आलं की कादंबरीला ‘मातीचा रांगडा गंध’ आहे. वास्तविक कादंबरीभर मांडव, सतरंज्या आणि माइक. माती औषधालाही नाही. मुंबईच्या एका मासिकानं लिहिलं की खुर्ची हे ‘आधुनिक माणसाच्या पोकळ अस्तित्वाचं रूपक’ आहे. नागपूरच्या विद्वानांनी बोलीतल्या क्रियापदांवर सहा पानं लिहिली आणि गोष्टीचा उल्लेख राहून गेला. आणखी एकानं तर, पुस्तक इतकं खपतं म्हणजे त्यात वाङ्मयीन मूल्य नसणार, असा निकालच दिला. सुनंदाबाईंनी हे सगळं शांतपणे वाचलं असावं. मला एकदा रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “सर, पोकळ अस्तित्व म्हंजे खुर्चीचं का बसणाऱ्याचं?” मी सांगितलं, “मॅडम, परीक्षण लिहिणाऱ्याचं.”

पुढच्याच आठवड्यात त्यांना संस्थेची नोटीस मिळाली; तिची एक प्रत मलाही आली. अध्यक्षांची बदनामी केल्याबद्दल खातेनिहाय चौकशी. पुराव्यादाखल जोडलं होतं माझं परीक्षण.

माझं! पुण्याचं नाही, मुंबईचं नाही. संस्थेच्या वकीलसाहेबांनी म्हणे सगळी परीक्षणं मागवली होती. पण मातीच्या गंधावरून बदनामी सिद्ध होईना, आणि पोकळ अस्तित्व तर त्यांना स्वतःलाच कळेना. माझं तेवढं सोप्या मराठीत होतं. ‘आपल्याच गावातल्या कुणाची तरी’ याखाली लाल रेघ, ‘नाव सांगण्याची गरज नाही’ याखाली दोन. माझा मजकूर कोणीतरी इतक्या बारकाईनं वाचल्याची ही पहिलीच वेळ, आणि खोटं कशाला सांगू, नोटीस पाहून भीती वाटायच्या आधी क्षणभर बरं वाटलं. मालतीला दाखवली. ती म्हणाली, “लाज वाटत नाही? त्या बाईची नोकरी जाईल. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत तिच्या.” मग बरं वाटणं थांबलं.

चौकशीत मला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. आबासाहेबांचा स्वतःचा फोन आला. आवाज गोड. “सर, तुमच्यावर आपला कोनता दबाव नाई. फक्त जे मनात धरून लिवलं, ते सांगून द्या. विद्वान मानूस खोटं बोलत नसते.”

मी सुनंदाबाईंना फोन केला. “मॅडम, मी सांगतो, बापूसाहेब म्हणजे आबासाहेब नव्हेत.”

“मंग कोन आहेत म्हणून सांगाल?”

मी मनातल्या मनात तालुक्यातले अध्यक्ष मोजू लागलो.

“राहू द्या सर,” त्या म्हणाल्या. “तुमी ठरवून नका येऊ. तुमाले ठरवून बोलता येत नाही. मी काही प्रश्न विचारीन, त्याची उत्तरं द्या.”

चौकशी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत होती, भर दुपारी. समितीचे प्रमुख होते एक निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. शेजारी वकीलसाहेब. समोर सुनंदाबाई, एकट्या. आबासाहेब समितीत नव्हते. पण शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून अधूनमधून अध्यक्षीय खोकला ऐकू येत होता.

वकीलसाहेबांनी आधी मला वर चढवलं. ज्येष्ठ समीक्षक, जिल्ह्याचे भूषण, साहित्याचे अधिकारी. इतकं सगळं मी निवृत्तीच्या समारंभातही ऐकलं नव्हतं. मग ते वाक्य वाचलं. “सर, तुम्ही शब्द तोलून वापरता?”

“हो तर,” मी म्हणालो. सवयीनं.

“मग सांगा, हे लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं?”

शेजारचा खोकला थांबला. माझ्या डोळ्यांसमोर पांढरा नॅपकिन होता, पंख्याच्या वाऱ्यानं हलकासा उडणारा. मी पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत सुनंदाबाई उभ्या राहिल्या.

“गुरुजी, सरांना मी आधी थोडं विचारू का?”

गुरुजींनी मान हलवली.

“सर, ‘माहेरची वाट’ या कथासंग्रहाचं परीक्षण तुमी लिहिलं होतं. त्यातल्या मोठ्या जावेबद्दल काय लिहिलं, आठवते का?”

“एवढं नेमकं नाही…”

“‘ही व्यक्तिरेखा इतकी जिवंत उतरली आहे की वाचकाला आपल्याच गावातल्या कुणाची तरी आठवण व्हावी, नाव सांगण्याची गरज नाही.’” त्यांनी पाढा म्हणावा तसं म्हटलं. “आणि फौजदारसाहेबांच्या अभंगातल्या विठ्ठलाबद्दल?”

विठ्ठलाबद्दलही तेच लिहिलं होतं, हे मला त्या क्षणी आठवलं.

“‘कोरडवाहू कापूस आणि आपण’. कृषी अधिकाऱ्यांचं पुस्तक. त्यातबी हेच वाक्य आहे सर. त्यात व्यक्तिरेखा कोनती होती?”

“बोंडअळी,” मी म्हणालो.

गुरुजींनी चष्मा काढला आणि उपरण्यानं पुसायला घेतला. त्यांचे खांदे हलत होते.

“म्हणजे बोंडअळी वाचून तुमाले गावातल्या कोनाची आठवण झाली होती?”

“नाही.”

“मंग या वाक्याला काही अर्थ असते का सर?”

माझी ही एवढीच एक जागा होती. पैसा नाही, पद नाही. ‘पाठक सरांना साहित्यातलं कळतं’ एवढा एक समज गावात होता, निदान आहे असा माझा समज होता. आणि ज्या एका वेळी ते वाक्य मी मनापासून लिहिलं, नेमकं त्याच वेळचं ते पुसून टाकायचं होतं. मी सुनंदाबाईंकडे पाहिलं. त्या शांत होत्या, पण हातातली पदराची कड त्यांनी बोटाभोवती इतकी घट्ट गुंडाळली होती की बोट पांढरं पडलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “काही अर्थ नसतो. जागा भरायला घालतो मी ते.”

वकीलसाहेब उठले. “सर, तुम्ही ज्येष्ठ समीक्षक…”

“पुस्तकं पूर्ण वाचता का तुमी?” सुनंदाबाईंनी मधेच विचारलं.

“नेहमी नाही.”

“माझं वाचलं होतं?”

दोनदा वाचलं होतं. काही पानं मालतीला मोठ्यानं वाचून दाखवली होती. पण वाचलं म्हटलं की वाक्याला अर्थ आला, आणि अर्थ आला की खोकला सुरू.

“चाळलं,” मी म्हणालो. आयुष्यात बोललेल्या खोट्यांत हे सगळ्यात जड गेलं.

मग गुरुजींचा गंभीर आवाज आला, “पाठक सर, माझ्या आत्मचरित्राचं परीक्षण तुमीच लिवलं होतं ना? ‘ओघवती शैली’ म्हणून?”

“गुरुजी, तुमचं मात्र पूर्ण वाचलं,” मी घाईघाईनं म्हणालो. खोटं बोलायला सुरुवात कठीण जाते, मग जमतं.

गुरुजींनी मान डोलावली. विश्वास ठेवला की नाही, देव जाणे. समितीचा निष्कर्ष त्यांनी तिथल्या तिथं सांगितला: सदर समीक्षकाचं मत कोणत्याही बाबतीत पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही, आणि दुसरा पुरावा नाही. चौकशी बंद. शेजारच्या खोलीत खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

शाळेसमोरच्या टपरीवर सुनंदाबाईंनी चहा सांगितला. मग त्या म्हणाल्या, “सर, मी तुमची लय बेइज्जती केली. दुसरा मार्ग सुचला नाही मले.”

“हे सगळं तुम्हाला पाठ कसं?”

“लहानपणी आमच्या गावात रविवारचा पेपर एकच यायचा. ग्रामपंचायतीत. पुस्तकं तर नव्हतीच. कोनती पुस्तकं असतात जगात, ते तुमच्या सदरातून समजायचं. ते वाक्य आलं की मी आणि माझी बहीण हसायचो. तिथूनच सवय लागली वाचायची.”

मला वर्षानुवर्षं वाटत होतं की माझा एक तरी वाचक कुठेतरी असेल. होता; आणि तो हसत होता.

“मॅडम,” मी म्हणालो, “तुमचं मी चाळलं नव्हतं.”

“माहीत आहे. बापूसाहेबांच्या धाकट्या सुनेचं नाव एका प्रकरणात बदललं, हे परीक्षणात तुमीच दाखवलं. पुण्या-मुंबईच्या एकालाबी ते दिसलं नाही. चाळणाऱ्याला नाही दिसत ते. म्हणून तर भेव वाटत होतं मले, वकिलाने तो परिच्छेद वाचला तर! पण त्यांनी बी पूर्ण नव्हतं वाचलं.” आणि त्या पहिल्यांदा हसल्या.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. कॉलेजातले जुने सहकारी मला बोंडअळीची खुशाली विचारू लागले. कृषी अधिकारी दिसले की मी रस्ता ओलांडू लागलो. संपादकांनी सदराची जागा शब्दकोड्याला देऊन टाकली. आता कोडं दुप्पट मोठं येतं, वाचक खूश आहेत. मी रिकामा झालो आणि पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू लागलो. बरीचशी चाळण्याच्याच लायकीची असतात, हा माझा जुना अंदाज बरोबर होता. पण जी नसतात, त्यांच्यापाशी आपण किती वेळा नुसते मुखपृष्ठ पाहून परत फिरलो असू, याची रुखरुख लागते.

इकडे झालं असं की बापूसाहेब म्हणजे आबासाहेब नव्हेत, हे चौकशीतच सिद्ध झाल्यामुळे चिखलीकडच्या एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यांनी जाहीर केलं की ते आमचेच साहेब. त्यांनी फलकसुद्धा लावला. कादंबरीच्या आवृत्त्या निघत होत्या, तिला पुरस्कार मिळाला, त्यावर नाटक येणार अशी चर्चा होती. आबासाहेबांची झोप उडाली. ज्या पुस्तकाची अख्ख्या वऱ्हाडात चर्चा, त्यात आपण नाही?

संस्थेनं सुनंदाबाईंचा जाहीर सत्कार ठेवला. मी आणि मालती मागच्या रांगेत बसलो. आबासाहेब बोलायला उठले. “लोक इकडचं तिकडचं सांगून राह्यले,” ते म्हणाले, “पन मी आज छाती ठोकून सांगतो, बाईंनी हे पुस्तक माह्यावरच लिवलं आहे! नॅपकिन माहा आहे. साऱ्या तालुक्याले इचारा.”

टाळ्या पडल्या. सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. मी शपथ घेतल्यासारखं खोटं बोलून जे पुसलं होतं, ते आबासाहेबांनी माइकवरून परत लिहून टाकलं.

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. “आन् ते पाहा, मागं बसले आहेत पाठक सर. उठा सर, लाजू नका. आजकाल विद्वान लय झाले. पन आपल्याले साहित्यातलं काई समजत नाई, आपन पुस्तकं वाचतच नाई, हे सत्य चारचौघांत कबूल करनारा समीक्षक अख्ख्या महाराष्ट्रात हा एकच आहे! असा प्रामानिक मानूस आपल्या मेहकरचा आहे, याचा मले गर्व आहे.”

मी उठून हात जोडले. मंडप दणाणून गेला. इतक्या टाळ्या मला आधी कधी मिळाल्या नव्हत्या. मालती तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत वाजवत होती, थांबेचना. मग मीही वाजवायला लागलो. सगळ्यांत एकट्यानंच हात बांधून उभं राहणं बरं दिसत नाही.